दुखवट्याचा रंग आणि सरकारची शाई

मी कपडे काळे करते. धंदाच तो माझा. माणूस गेलं की घरातली बाई असतील नसतील ते कपडे गोळा करून माझ्याकडे आणते, कारण दुखवट्यासाठी नवे काळे कपडे शिवायची ऐपत आमच्या एल कोयोलार गावात कुणाचीच नाही. गुलाबी झगा असो, नाहीतर पिवळा सदरा. मी डब्यात पाणी उकळते, रंगाची पूड टाकते, मूठभर मीठ टाकते, काठीने ढवळते आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर काळ्यात. लढाई लागल्यापासून माझी चूल थंड पडलेली नाही. हात मनगटापर्यंत काळे झालेत, नखांचं तर विचारूच नका. पूर्वी वर्षातून दोनदा तरी ते जरा उजळायचे. आता पाच वर्षं झाली, तेही नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या वर्षीच्या निवडणुकीत माझ्या हातांनी सरकारला मोठ्या पेचात टाकलं. हेलिकॉप्टरं बाळगणारं सरकार, आणि अडलं कुठे, तर एका बाईच्या नखांपाशी!

निवडणूक संसदेची होती. वर डोंगरात पोरं बंदुका घेऊन बसलेली, खाली लष्कर, आणि मध्ये आम्ही. पोरांनी आठवडाभर आधी शाळेच्या भिंतीवर लिहिलं, जो मत देईल तो शत्रूचा माणूस. लष्कराने त्यावर चुना फासला आणि तिथेच लिहिलं, जो मत देणार नाही तो शत्रूचा माणूस. भिंत एकच, अक्षर मात्र लष्कराचं जास्त वाईट. उमेदवार कोण, कुणाला ठाऊक! ते राजधानीत राहायचे आणि तिथूनच आमच्यासाठी जीव टाकायचे म्हणे. रेडिओवर ऐकलं होतं आम्ही.

मला ह्यातल्या कुणाशीच देणंघेणं नव्हतं. मला माझी नोएमी परत हवी होती.

नोएमी माझी एकुलती एक. वय तेवीस. बापाने नाव दिलं नाही म्हणून माझंच लावलं, मेंब्रेन्यो. शाळेत शिकवायची. शाळा बंद पडल्यावर मला हाताशी मदत करायची, रंगवलेले कपडे गावोगाव पोचवायची. मतदानाच्या नऊ दिवस आधी ती लोस आमातेस नावाच्या वाडीवर एका दुखवट्याच्या घरी बारा कपड्यांचं गाठोडं घेऊन निघाली होती. पुलावरच्या नाक्यावर बस थांबवली. हवालदाराने गाठोडं सोडलं आणि ओरडला, "बारा काळे कपडे! गणवेश!"

हे मला बसच्या ड्रायव्हरने नंतर सांगितलं. नोएमी त्याला म्हणाली, "अहो दादा, नीट बघा तरी. ह्यात सात वर्षांच्या मुलीचा झगा आहे, झालर लावलेला." हवालदाराने झगा उलटापालटा केला, झालर चाचपली, जरा विचार केला, आणि म्हणाला, "तुमच्यात लहान पोरंही लढतात." मग तिला खाली उतरवलं. असली अक्कल कुठे मिळते देव जाणे, पण आमच्या लष्करात ती भरपूर मिळते.

मी रोज सकाळी छावणीच्या फाटकावर जाऊन बसायला लागले. तिथला लेफ्टनंट सेर्मेन्यो सव्वीस वर्षांचा, केसांना चकचकीत तेल, बूट त्याहून चकचकीत. चार दिवस त्याचं एकच पालुपद, "अशी कुणी मुलगी इथे नाही." पाचव्या दिवशी तो वैतागला.

"बाई, निवडणूक होऊ दे. सोमवारी या, ओळखपत्र घेऊन. मत दिल्याचा शिक्का असेल तर आपण बोलू. नसेल तरी बोलू, पण मग बोलणं वेगळं होईल."

"म्हणजे आहे ना ती इथे?"

"शिक्का आणा, मग बोलू."

आणि मी बावळट, आनंदाने घरी आले! वाटेत चोनला गाठलं. चोन माझी शेजारीण, कोपऱ्यावर पुपुसा, म्हणजे मक्याच्या भरल्या भाकऱ्या, विकते, जीभ तिची तव्यापेक्षा तापलेली. तिला म्हटलं, "आहे गं माझी पोर, जिवंत आहे. नुसता शिक्का पाहिजे." चोनने माझ्या हातांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं ओब्दुलिया, ह्या हातांनी जाणारेस तू मत द्यायला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मत दिलं की बोट शाईत बुडवतात, दुसऱ्यांदा कुणी देऊ नये म्हणून. मागच्या निवडणुकीत ती शाई न दिसणारी होती. खास दिव्याखाली धरलं तरच दिसायची, पण डोंगरातल्या पोरांनी विजेचे खांब पाडले आणि दिवेच लागले नाहीत. म्हणून ह्या वेळी सरकारने साधी, काळपट जांभळी, सगळ्यांना दिसणारी शाई आणली होती. आणि नियम काय, तर ज्याच्या बोटाला डाग त्याला मत नाही. माझ्या एका नव्हे, दहाच्या दहा बोटांना डाग.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही दोघी घासत बसलो. लिंबू झालं, राख झाली, कपडे पांढरे करायचं पाणी झालं. शेवटी चोनने तवा घासायची वीट आणली. कातडी सोलवटली, रक्त आलं, पण नखांच्या कडांतला काळा रंग हटायला तयार नाही. माझंच काम ते, पक्कं केलेलं! आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या कसबाचा राग आला.

रविवार उजाडला. तो झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. सहा वाजताच पाद्रीबाबांनी चर्चच्या दारात झावळ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं आणि अख्खं गाव त्या हातात घेऊन तसंच शेजारच्या शाळेत रांगेला लागलं. झालं! एका पक्षाचा माणूस फाटकातच आडवा आला. हिरवा रंग म्हणे विरोधी पक्षाचा, तेव्हा ही झावळी नसून प्रचार आहे. त्यावर दुसऱ्या पक्षाचा माणूस उलटला, "मग झाडांवर पण बंदी घाला ना!" अर्धा तास त्यांची हमरीतुमरी चालली. अखेर शिपायांनी सगळ्यांच्या झावळ्या काढून फाटकाबाहेर टाकायला लावल्या. पाद्रीबाबा धावत येईपर्यंत कुणाच्या तरी गाढवाने निम्म्या पवित्र झावळ्या खाल्ल्या होत्या.

"ह्या गर्दीत मनासारखं मत कुणाचं पडलं असेल, तर त्या गाढवाचं," चोन म्हणाली. शिपायाने वळून पाहिलं तशी तिने छातीवर क्रुसाची खूण केली.

चार तास उन्हात उभं राहून मी टेबल क्रमांक दोनपाशी पोचले. टेबलाचा अध्यक्ष होता बाउदिलियो, आमच्या गावचा औषधविक्या. हा नोएमीचा धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातात धरलं होतं, आणि तेव्हापासून तो मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला कोंपाद्रे. माझी छाती जरा हलकी झाली. म्हटलं, घरचाच माणूस आहे.

"कोमाद्रे, हात दाखवा," तो म्हणाला, जसा काही आयुष्यात माझे हात पाहिलेच नव्हते.

मी दाखवले. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"डाग आहे."

"डाग आहे? अरे कोंपाद्रे, तुझ्या आईच्या वेळचे सदरे कुणी रंगवले? तू अंगात घालून रडलास तो रंग आहे हा!"

"ते मला माहीत आहे हो. पण परिपत्रकात लिहिलंय, बोटाला डाग असलेल्या व्यक्तीने मतदान केले आहे असे समजावे. समजावे, असं लिहिलंय. मी काय करू?"

"ओळखपत्र बघ. शिक्का आहे का त्यावर?"

"शिक्का पुसता येतो. शाई पुसता येत नाही."

"म्हणजे मी दहा वेळा मत दिलं?"

हे ऐकल्याबरोबर पक्षांची माणसं जागी झाली. एक म्हणाला, हिने दहाही मतं समोरच्या पक्षाला दिली असणार, चेहऱ्यावरूनच कळतं. दुसरा म्हणाला, चेहऱ्यावरून तर तुमचीच वाटते. मला त्या वेळी असा संताप आला! ह्या टेबलामागे बसलेल्या खुळ्यांच्या हातात माझ्या पोरीचा जीव आहे, आणि ते माझ्या नखांवर काथ्याकूट करतायत! मी दोन्ही हात डोक्यावर उंच धरले आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडले, "बघा रे बघा! दहाच्या दहा! बघून घ्या!"

तेवढ्यात कॅमेऱ्याचा खटका वाजला.

दारात एक परदेशी निरीक्षक उभा होता. गोरापान, गळ्यात कॅमेरा, घामाने चिंब झालेला. बरोबर राजधानीतली एक काळ्या चष्म्याची दुभाषी पोरगी, आणि मागे लेफ्टनंट सेर्मेन्यो, यजमानाच्या थाटात. निरीक्षकाने माझ्या हातांकडे बोट करून काहीतरी विचारलं. पोरगी लगेच गोड आवाजात काहीतरी बोलली आणि त्याने चक्क छातीवर हात ठेवला.

"काय गं सांगितलंस त्याला?" चोनने मागून विचारलं.

"हेच, की मावशींना मतदानाचा इतका आनंद झालाय, की त्यांनी सगळी बोटं बुडवून घेतली."

"बरं झालं हो, पाय नाही दाखवले," चोन म्हणाली.

निरीक्षकाचं समाधान झालं नव्हतं. त्याला आता मी पेटीत मत टाकतानाचा फोटो हवा होता. लेफ्टनंट हसत हसत टेबलापाशी आला आणि न हसता बाउदिलियोला म्हणाला, "द्या बाईंना मतपत्रिका."

"पण सर, परिपत्रक..."

"परिपत्रक घाला चुलीत. द्या म्हटलं ना!"

असं मला मत मिळालं. देशाच्या घटनेने दिलं नाही, कोंपाद्रेनेही दिलं नाही, एका फोटोपायी मिळालं. मतपत्रिका इतकी पातळ की आरपार दिसावं, आणि पेटी तर पारदर्शकच. मी पडद्यामागे गेले, पण घासून घासून सोलवटलेला अंगठा घामाने ओला झाला होता, आणि रंग सुटून सगळ्या पक्षांच्या चिन्हांवर सारखा फासला गेला. कुणाचंच मन मोडलं नाही मी. घडी घातली, पेटीत टाकली, खटका वाजला, निरीक्षक खूश.

मग बोट बुडवायचा सोहळा. बाउदिलियोने माझी तर्जनी शाईत बुडवली आणि बाहेर काढली. जशी गेली तशीच आली. पक्षाचा माणूस परत ओरडला, "पुरावा दिसत नाही!" तेव्हा बाउदिलियोने इमानाने वहीत नोंद केली की शाई लावली, परंतु दिसली नाही. मग एकदाचा माझ्या ओळखपत्रावर शिक्का मारला. मी त्या शिक्क्याचा मुका घेतला. सगळ्यांसमोर घेतला, आता लपवून काय करू?

सोमवारी मी नोएमीसाठी धुतलेला झगा आणि केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे दोन तमाल घेऊन छावणीत गेले. ह्या वेळी मला फाटकावर तिष्ठावं लागलं नाही. लेफ्टनंटने खुर्ची दिली. ओळखपत्र उघडून शिक्का पाहिला.

"शाब्बास. कर्तव्य केलंत."

"आता माझी मुलगी द्या."

त्याने टेबलावरची एक जाड वही पुढे ओढली. टेबल क्रमांक दोनची मतदारयादी. त्याने बोट खाली खाली आणलं आणि माझ्या नावाच्या वरच्याच ओळीवर ठेवलं.

"नोएमी मेंब्रेन्यो. ही काय खूण. काल मत दिलंय तिने." तो मागे रेलून बसला. "आता तुम्हीच सांगा बाई, कैदेतला माणूस शाळेत जाऊन मत देऊ शकतो का? नाही ना? म्हणजे ती कैदेत नाही. मोकळी आहे. तरुण मुली जातात निघून कुणाबरोबर तरी. घरी शोधा, मैत्रिणींकडे शोधा."

"त्या दिवशी होती ना इथे? तुम्हीच म्हणालात, शिक्का आणा."

"शिक्का सगळ्यांनीच आणायचा असतो. मी मुलीचं नाव घेतलं होतं का?"

नव्हतं घेतलं. मी आठवून आठवून पाहिलं, हरामखोराने तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. शिपायाने मला दंडाला धरून फाटकाबाहेर आणलं, आणि तमाल तिथेच राहिले. त्यांनी खाल्ले असतील.

मी सरळ औषधाच्या दुकानात गेले. बाउदिलियो बाटल्या पुसत होता. मला बघून त्याने पुसलेलीच बाटली परत पुसायला घेतली.

"काल माझी पोर आली होती तुझ्या टेबलावर?"

"कोमाद्रे, बसा जरा."

"आली होती का?"

"संध्याकाळी हवालदार आला होता," तो बाटलीशी बोलावं तसं बोलला. "बिस्किटांच्या डब्यात ओळखपत्रं होती. तीसेक असतील. म्हणाला, हे लोक कामात आहेत, येऊ शकत नाहीत, मारा शिक्के."

"आणि मारलेस?"

"त्याच्याकडे बंदूक होती."

"तिचं ओळखपत्र आलं तेव्हा फोटो बघितलास?"

त्याने बाटली फडताळावर ठेवली आणि दुसरी घेतली.

"बघितलास का?"

"बघितला."

"मग माझी नखं तेवढी तपासलीस? सकाळी चार तास रांगेत उभी राहिलेली बाई तुला लबाड वाटली, आणि संध्याकाळी डब्यातून आलेल्या तीस माणसांना एकही बोट नव्हतं, ते चाललं तुला?"

"परिपत्रकात ओळखपत्र पाहिजे असं आहे, कोमाद्रे," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, आणि तोंडात परिपत्रक. "ओळखपत्र होतं."

मी म्हटलं, हेच लिहून दे. हवालदाराने छावणीतून डबा आणला, त्यात नोएमीचं ओळखपत्र होतं, एवढंच लिही आणि सही कर. त्याने कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं, तारीखसुद्धा लिहिली. मग त्याची बायको आतून आली, तिने कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि चार तुकडे केले. "आम्हाला पण मुलं आहेत," ती म्हणाली. त्याने मला झोप लागायच्या गोळ्यांची एक पुडी पुढे केली. मी ती त्याच्या तोंडावर फेकली आणि बाहेर आले. त्यानंतर त्याला मी कोंपाद्रे म्हटलेलं नाही.

राजधानीत आर्चबिशपच्या कचेरीत हरवलेल्यांची नावं लिहून घेतात, तिथे गेले. त्यांनी बिचाऱ्यांनी लिहून घेतलं, सरकारला पत्र पाठवलं. सरकारचं उत्तर आलं, छापील कागदावर, कधी नव्हे ते वेळेवर. सदर नागरिक मुक्त असून तिने मतदानाचा हक्क बजावल्याचे अभिलेखावरून दिसते. कोर्टात गेले, तर न्यायाधीशाने तेच वाचून दाखवलं. पुलावरचा हवालदार म्हणाला, अशी मुलगी कधी उतरवलीच नाही. बसच्या ड्रायव्हरने तोवर देश सोडला होता. माझा हात वर केलेला फोटो म्हणे परदेशातल्या एका मासिकात आला, खाली आनंदाबद्दल काहीतरी लिहून. चोनने कुणाकडून तरी ते ऐकलं आणि तीन दिवस तिच्या तोंडून विनोद निघाला नाही.

तीन वर्षं गेली. लढाई तशीच, आणि परत संसदेची निवडणूक. सरकारने नवी ओळखपत्रं काढली, नव्या याद्या केल्या, म्हणाले आता गैरप्रकाराला जागाच ठेवली नाही. मी मत द्यायला गेले नव्हते. टेबलावाल्यांच्या तोंडावर थुंकायला गेले होते, खोटं कशाला बोलू. सकाळी सातला टेबल उघडलं आणि साडेसातला मी तिथे. बाउदिलियो नव्हता, परगावाहून आणलेला कुणी चष्मेवाला तरुण कारकून बसला होता. त्याने माझं नाव शोधायला यादी माझ्यासमोर उलटी पसरली. मला उलटं वाचता येतं. माझ्या नावाच्या वर नोएमी मेंब्रेन्यो, आणि तिच्यापुढे ताजी, ओली खूण.

"ही येऊन गेली?" मी विचारलं.

"खूण आहे म्हणजे आली असणार."

"आज?"

"आजच, मावशी. दुसऱ्या कधीची असेल?"

मला सगळं ठाऊक होतं. डबा ठाऊक होता, हवालदार ठाऊक होता, ह्या देशात मत कसं पडतं ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन वर्षं मी ह्या लोकांना शिव्या घालत आले, आणि टेबलावर जो बसला असेल त्याच्यासाठीही चांगल्या ठेवणीतल्या शिव्या घेऊन आले होते. पण तोंड उघडलं आणि मी टेबलावर वाकून त्याला विचारलं, "कशी दिसत होती रे? बारीक झालीय का?"

मग त्याने यादीवर हात ठेवून दोन्ही नावं झाकली आणि म्हणाला, "मावशी, पुढे सरका, रांग थांबलीय."